खान्देशात प्रौढांचा वर्ग: गाव निवडण्यापासून पोटापाण्याच्या कामापर्यंत

प्रौढ शिक्षणात किंवा भाषा शिकवण्याच्या कामात शिरू पाहणारी तरुण मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणता कोर्स करू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी एक वर्ग चालवा, कोर्स मागून होईल. मुलाखतीला बसलेला माणूस पदवीचा कागद बघतो खरा, पण अमुक गावात रात्रीचा वर्ग तुम्ही पाच-सहा महिने टिकवलात हे कळलं की तो खुर्चीत जरा पुढे सरकतो.

पैशाचं मात्र आधीच बोलून घेऊ, म्हणजे नंतर रुसवा नको. केंद्राचा सध्याचा नव भारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला सगळे 'उल्लास' म्हणतात, २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी तो आहे आणि तो पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतो. शिकवणाऱ्याला मानधन नाही. त्याआधीच्या 'साक्षर भारत' योजनेत गावच्या प्रेरकाला, म्हणजे गावात साक्षरतेचं काम बघणाऱ्याला, महिन्याला दोन हजार रुपये मिळायचे. २००९ साली सुरू झालेली ती योजना २०१८ च्या मार्चअखेर बंद झाली. म्हणजे वर्गातून थेट पगार निघत नाही. वर्गातून तुमची ओळख तयार होते आणि पगार त्या ओळखीवर दुसरीकडून मिळतो. ते 'दुसरीकडे' कुठे, ते पुढे सांगतो.

कामाला तोटा नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, तेव्हा जळगाव ७८, धुळे सुमारे ७३ आणि नंदुरबार ६४ टक्क्यांवर होतं. नंदुरबार राज्यात शेवटचं. यात फक्त बायांचे आकडे बघितले तर ते आणखी खाली जातात.

गाव आणि बोली

पहिलं गाव स्वतःचं नसलं तरी चालेल, पण रात्री साडेनऊला वर्ग सुटल्यावर मोटारसायकलवर घरी परतता येईल एवढं जवळ हवं. लांबचं गाव उत्साहात निवडलं जातं आणि पहिल्या पावसात सुटतं.

गाव ठरलं की तिथं घराघरात काय बोलतात ते बघा. 'खान्देशी' म्हणून एकच बोली धरून चाललात तर फसाल. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, जामनेरकडे तावडी. सातपुड्याच्या अंगाला गेलात की भाषाच बदलते: धडगाव आणि शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर पावरी, अक्कलकुव्याकडे भिलोरी, नवापूरकडे मावची. अहिराणीवाल्या बाईला प्रमाण मराठी कानावरून कळते, बोलताना ती बिचकते एवढंच. पावरी बोलणाऱ्या आजीला मात्र तुमचं मराठी परकंच असतं. हे दोन वर्ग एकाच पुस्तकाने, एकाच वेगाने चालत नाहीत. पावरी किंवा भिलोरी येत नसेल तर पाड्यावरचीच बारावी झालेली एखादी मुलगी जोडीला घ्या आणि वर्गात तिलाच पुढे करा. तुम्ही मागे बसून साहित्य तयार करा. ते जास्त उपयोगी पडेल.

निरक्षरांची नोंद कागदावर असते. उल्लासचं सर्वेक्षण शाळांमार्फत होतं, त्यामुळे जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि स्वयंसेवक म्हणून स्वतःची नोंदणी करून घ्या. पण ती यादी हातात धरून दारोदार फिरू नका. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाची सचिव, या तिघींना गावातल्या प्रत्येक चुलीची खबर असते. त्यांच्यासोबत जा.

आणि दारात उभं राहून "तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" असं विचारू नका. चारचौघांत विचारलं की निम्म्या बाया "येतं थोडं थोडं" म्हणून दार लावून घेतात. त्याऐवजी "मोबाइलवर ओटीपी आला तर कोण वाचून देतं?" किंवा "बँकेत अंगठा देता का सही?" असं विचारा. उत्तरात गरजही कळते आणि त्या बाईला शिकायचं कशासाठी, तेही कळतं. ज्या घरी नातू ओटीपी वाचतो आणि वाचता वाचता पैसेही काढतो, त्या घरची आजी वर्गाला सगळ्यात नियमित येते. हे हसण्यावारी नेऊ नका.

वेळापत्रक कापसाला विचारून

वर्ग बंद पडतो तो बहुतेक चुकीच्या महिन्यात सुरू झाल्यामुळे. आठ सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन असतो, म्हणून त्या दिवशी नारळ फोडायची हौस अनेकांना असते. कापसाच्या गावात हा मुहूर्त वाईट. महिनाभरात वेचणी लागते, बाया पहाटे निघतात, दिवस मावळता येतात, आणि भाकरी थापून झाली की डोळे उघडे राहत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू कापूस पट्ट्यात खरा मोसम संक्रांतीनंतरचा. तेव्हापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सलग तीनेक महिने मिळतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, तेव्हा आठवडाभर वर्ग आपणच बंद ठेवावा आणि तसं आधी जाहीर करावं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसवू नका. पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, तेव्हा रात्री ओट्यावर किंवा मंदिराच्या सभामंडपातच बरं. केळीच्या गावात बारमाही मजुरी असते, तिथं मोसमाऐवजी आठवड्याचे वार ठरवा आणि बाजाराचा दिवस सोडा.

नंदुरबारच्या डोंगराळ भागात हे सगळं उलटं. तिथले कित्येक पाडे दिवाळीनंतर रिकामे होतात, माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. तिथला वर्ग पेरणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा. जळगावचं वेळापत्रक तिथं लावलंत तर रिकाम्या झोपड्यांना शिकवावं लागेल.

रोज दीड तास, आठवड्याचे पाच दिवस, एवढं पुरे. केंद्राच्या जुन्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या काळात तीन टप्प्यांच्या प्रवेशिकांसाठी, म्हणजे सुरुवातीच्या वाचन-पुस्तकांसाठी, एकूण २०० तास धरले जायचे, आणि तो हिशेब आजही वास्तवाला धरून आहे. आठवड्याला साडेसात तासांनी सहा महिने झाले. म्हणजे एका मोसमात सगळं उरकणार नाही, दोन मोसम लागतील. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

चष्मा

हा मुद्दा प्रशिक्षणात कोणी सांगत नाही, म्हणून याला वेगळा मथळा. चाळिशी उलटलेल्या बाईला जवळचं दिसत नाही आणि तिला ते ठाऊकही नसतं, कारण आजवर जवळून वाचायची वेळच आली नाही. ती चार दिवस पाटीकडे डोळे बारीक करून बघते आणि "माले नई जमत" म्हणून उठून जाते. आपण समजतो, आवड नाही.

वर्ग सुरू व्हायच्या आधी एकेकीला सहज विचारा, सुईत दोरा तुम्ही ओवता की नातीला सांगता? नातीला सांगणाऱ्या सगळ्यांची यादी करा. ग्रामीण रुग्णालयात नेत्र तपासणी होते, तिथं एकदम दहा-बारा जणींना घेऊन जा. जवळचा चष्मा फार महाग नसतो. गावातल्या एखाद्या दुकानदाराला किंवा पतसंस्थेला देणगी मागायची असेल तर खडू-पाट्यांआधी चष्मे मागा. आणि दिवा वर्गाच्या मधोमध टांगा. शिक्षकाच्या डोक्यावर असलेला दिवा विद्यार्थ्यांच्या पाटीवर सावलीच पाडतो.

पहिले तीन आठवडे

पहिल्या रात्री प्रत्येकीचं नाव. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीला लावू नका, तो बघून शाळेत मार खाल्लेल्यांना शाळा आठवते. जाड अक्षरात नाव लिहिलेली पट्टी प्रत्येकीच्या हातात द्या, घरी नेऊ द्या, गिरवू द्या. आठवड्याच्या आत निम्म्या जणींची सही वळते. अंगठ्यावरून सहीवर आलेली बाई पुढे सहसा वर्ग सोडत नाही.

मग शब्द. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी १९६० च्या दशकात दाखवलेली पद्धत इथं चपखल बसते: लोकांच्या जगण्यातला शब्द घ्यायचा, त्यावर आधी बोलायचं, मग तो फोडायचा आणि तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे. आपल्याकडे 'दादर' घ्या. खान्देशातली रब्बीची ज्वारी, ती सगळ्यांना माहीत. पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा: यंदा कोणी पेरली, काय भावाने गेली, कापसापुढे ती का मागे पडली. मग फळ्यावर शब्द. यात द, र आणि काना, एवढंच आहे. यातून 'दर' निघतो, 'दार' निघतं. पुढच्या रात्री 'मका' आणा. म आणि क मिळाले की 'काम', 'दाम', 'दमा', 'काका', 'मामा', 'कामदार' इतके शब्द हाताशी येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बाई "दादर दर" असं फळ्यावरून स्वतः वाचते. मग 'कापूस' घ्या, त्यातून प, स आणि दीर्घ उकार येतो. जोडाक्षरांची घाई नको. 'क्ष' आणि 'ज्ञ' राहिले तरी कोणाचं अडत नाही. 'प्र', 'त्र' आणि रफार मात्र लवकर घ्या, कारण एसटीच्या पाटीवर आणि सातबाऱ्यावर ते हमखास भेटतात.

तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचं बोलणं लिहून घ्या. एकीला विचारा, आज काय केलं? ती म्हणेल, "मी वावरमा गवू, कापूस येचा." तस्संच लिहा, अहिराणीत, एक अक्षर न सुधारता. तिला ते वाचायला फार वेळ लागत नाही, कारण वाक्य तिचंच असतं. ती वाचून झाली की खाली प्रमाण मराठीत लिहा: "मी शेतात गेले, कापूस वेचला." दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की 'वावरमा'चं 'शेतात' कसं होतं ते तीच बोटाने दाखवते. अहिराणी चुकीची आणि पुस्तकातली बरोबर, असा सूर चुकूनही लावू नका. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर लोक होते, आणि ते सगळे काही अशुद्ध बोलत नाहीत.

बोललेलं लिहून घ्यायची रीत खान्देशाला नवी नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्या मंडळींनी उतरून घेतल्या म्हणून त्या टिकल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे बोलायचे आणि साने गुरुजी ते टिपून घ्यायचे. तुमच्या वर्गातल्या वहीलाही तोच मान द्या. जात्यावरच्या ओव्या, कानबाई या खान्देशी देवीची गाणी, पिठाचं माप, औषधाच्या गोळ्यांच्या वेळा, जे सांगतील ते. मोसमाच्या शेवटी त्याच वह्यांतून बारा-सोळा पानांची पुस्तिका झेरॉक्स काढून सगळ्यांना द्या. नवसाक्षरांना वाचायला द्यायचं काय, हा प्रश्न नेहमी अडतो, तो अशाने बराच सुटतो.

हिशेब

इथं शिकवणाऱ्यानेच शिकावं. भाजी विकणारी बाई तोंडी हिशेबात तुमच्या पुढे असते, काही म्हाताऱ्या अजून विसाच्या पटीत मोजतात आणि चुकत नाहीत. त्यांना गणित येतं, कागदावर मांडता येत नाही. म्हणून एक ते शंभर घोकवण्याऐवजी नोटांपासून सुरुवात करा. आकडे आधी इंग्रजी वळणाचे शिकवा, कारण नोट, मोबाइल, वजनकाटा आणि बसचा क्रमांक तसेच असतात. देवनागरी आकडे मागून आले तरी चालतात.

उदाहरणं वेचणीची घ्या. किलोला १० रुपये धरले, ३७ किलो वेचला, तर ३७०. मुकादमाकडून १५० उचल घेतली होती. हातात किती यायला हवेत? ही वजाबाकी ज्या दिवशी बाई स्वतः मांडते त्या दिवशी मुकादमही तुमच्या वर्गाची चौकशी करू लागतो. चौकशी गोड असेलच असं नाही. त्याच्याशी भांडायला तुम्ही जाऊ नका, हिशेब बायांनाच बोलू द्या. पुढे बचत गटाचं पासबुक, व्याज, गॅसची पावती, आणि शेवटी मोबाइल. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, अंगठा लावून पैसे काढताना यंत्रावरची रक्कम आधी वाचायची, हे दोन धडे घेतल्याशिवाय वर्ग पूर्ण झाला असं म्हणू नका.

वागणं

वयाने मोठ्यांना नावाने हाक मारायची नाही: अक्का, मावशी, वहिनी, आबा, जिभाऊ, गावात जे चालतं ते. लाल पेन घरी ठेवा. सोबत लहान मूल येणारच, त्यालाही खडू द्या. पुरुष हवे असतील तर त्यांचा वर्ग वेगळा घ्या, सासऱ्यासमोर सून वाचत नाही. गैरहजर राहिलेलीला दुसऱ्या दिवशी "का नाही आलात?" असं विचारू नका, काल काय झालं ते सांगा.

परीक्षा आणि त्यापुढची वाट

उल्लासमध्ये पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची चाचणी १५० गुणांची असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. उत्तीर्णांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. राज्यात २०२४ ची परीक्षा मार्चमध्ये झाली. संक्रांतीला सुरू झालेला वर्ग मार्चला कच्चाच असतो, म्हणून तारखेसाठी कोणाला रेटू नका, पुढच्या वर्षी बसवा. स्वतःची कसोटी वेगळी ठेवा. साक्षरता मिशनचे जुने निकष मला अजून पटतात: मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने सोपा उतारा मोठ्याने वाचणं, मिनिटाला ७ शब्द बघून आणि ५ शब्द ऐकून लिहिणं.

ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना वाट दाखवणं हेही तुमचंच काम. शाळा मधेच सुटलेल्यांसाठी दहावी-बारावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा अर्ज किंवा मुक्त विद्यालय मंडळ आहे. बारावी न झालेल्या, अठरा ओलांडलेल्या सुनांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. एक सून पदवीला गेली की पुढच्या वर्षी वर्गासाठी घरोघर फिरावं लागत नाही.

आता तुमच्या पोटाचं

पहिल्या दिवसापासून कागद ठेवा. तारीखवार हजेरी, प्रत्येकीच्या हस्ताक्षराचा पहिला आणि शेवटचा नमुना, आणि महिन्याला एक पान: काय शिकवलं, कोण गळालं, का गळालं. फोटो विचारूनच काढा. मोसम संपला की मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांच्याकडून लेखी अनुभवपत्र घ्या. 'समाजसेवेची आवड आहे' या वाक्याला बाजारात किंमत नाही, हजेरीच्या वहीला आहे. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यावेच लागतात, ते झाडं लावून फोटो काढण्यात घालवण्यापेक्षा इथं घाला.

मग दारं कोणती? 'उमेद' हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्याकडे गटांबरोबर काम करणारी माणसं तालुका आणि प्रभाग पातळीवर लागतात. या जागा बहुतेक कंत्राटी असतात, हे गृहीत धरूनच अर्ज करा. आरोग्य, पाणलोट, शेती यांत काम करणाऱ्या संस्थांना 'साक्षरता शिक्षक' नको असतो, पण बायांची बैठक घेता येणारा, बोलीत बोलणारा आणि अहवाल लिहिणारा माणूस हवाच असतो. दोन मोसमांनंतर तुम्ही तेच असता. जाहिरातीत 'प्रौढ शिक्षण' हे शब्द शोधत बसलात तर वर्षं जातील, 'क्षेत्र समन्वयक' आणि 'प्रशिक्षक' शोधा.

पदवीची वेळ इथं येते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची प्रौढ शिक्षणातली एम. ए. दूरशिक्षणाने होते, काम न सोडता. आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातल्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाशी ओळख ठेवा, कार्यशाळांना साधनव्यक्ती, म्हणजे शिकवायला जाणकार माणसं, लागतात.

भाषा शिकवण्यातून खरा रोख पैसा मात्र दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिकडे फार कोणाचं लक्ष नाही. भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणीमुळे, जळगाव-धुळ्याला बँकांमुळे, मराठी न येणारे नोकरदार सतत बदलून येतात. त्यांना काउंटरवर लागेल एवढं मराठी दोन-तीन महिन्यांत शिकवणारं माणूस हवं असतं. राज्य शासनाच्या अमराठी कर्मचाऱ्यांना तर एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घेता येते. हे विद्यार्थी फी देतात आणि वेळेवर देतात. पद्धत तीच: त्यांच्या कामातला शब्द घ्या, त्यावर बोला, मग लिहा. बँकवाल्याला 'दादर' ऐवजी 'पीककर्ज' द्या. शिवाय त्याला थोडी अहिराणीही शिकवा. "कसं काय शे, आबा?" एवढं म्हणता आलं तरी काउंटरपलीकडचा माणूस मोकळा होतो. ग्रामीण रुग्णालयात नव्याने आलेल्या डॉक्टरांना हेच जास्त लागतं, आणि पावरी किंवा भिलोरी येणाऱ्या तरुणांनी तर अशी शिकवणी आजच सुरू करावी.

संध्याकाळी सहा ते सातची फीची तुकडी शहरात आणि आठला गावचा वर्ग, अशी सांगड बसली की महिन्याचं पेट्रोल, खडू आणि घरखर्च यांचा मेळ लागतो.

स्वतःची संस्था काढायचा मोह दुसऱ्याच महिन्यात होतो. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, मग धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचं ऑडिट, पदाधिकारी बदलले की फेरफार अर्ज, आणि सात जणांतली भांडणं. दोन वर्षं तरी शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा बचत गटाच्या नावाखाली काम करा. नोंदणी तेव्हाच करा जेव्हा कोणी देणगीदार खरोखर पैसे घेऊन दारात उभा असेल आणि पावती मागत असेल.